तापानंतरचं घरपोच ‘क्लॉटिंग पॅकेज’: कशाला पैसे मोजावेत, कशाला नाही

कोविड, फ्लू, डेंग्यू यांतलं काहीही होऊन माणूस उठला की घरात एक प्रश्न हमखास निघतो: रक्तात गुठळ्या तर होत नसतील ना? २०२०-२१ पासून ‘डी-डायमर’ हा शब्द घरोघरी पोचला आणि त्या भीतीवर एक तयार पॅकेज उभं राहिलं. फोनवर बुकिंग करायचं, सकाळी सॅम्पल घ्यायला माणूस येतो, संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर. नावं निरनिराळी: पोस्ट-व्हायरल प्रोफाइल, क्लॉट स्क्रीन, रिकव्हरी पॅनेल. आतला माल बहुतेक तोच: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), डी-डायमर (गुठळी विरघळताना सुटणारे तुकडे), पीटी-आयएनआर आणि एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ), कधी फायब्रिनोजेन (गुठळीचं जाळं ज्यापासून बनतं ते प्रथिन), आणि यादी लांब दिसावी म्हणून सीआरपी, फेरिटिन (दोन्ही शरीरातल्या सुजेच्या खुणा). हा आढावा कुठल्या एका लॅबचा नाही, या पॅकेजचा आहे.

निकाल आधीच सांगतो. काहीही त्रास नसलेल्या माणसासाठी, पॅकेज म्हणून, पाचपैकी दोन तारे. त्यातल्या एकट्या डी-डायमरला, योग्य माणसाला योग्य वेळी केला तर, पूर्ण पाच. घरी येऊन रक्त घेण्याच्या सोयीला तीन, कारण सगळं घोडं अडतं ते तिथेच. या तपासण्या वाईट नाहीत. पण त्या डॉक्टरच्या एखाद्या नेमक्या शंकेचं उत्तर देण्यासाठी बनल्या आहेत. शंकाच नसेल तर हातात येतो तो नुसता एक लाल आकडा, आणि त्या आकड्यापायी झोप उडालेली माणसं पुढे विनाकारण सीटी स्कॅनपर्यंत आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपर्यंत जातात.

भीती खोटी नाही

आधी हे मान्य करू, की विषाणूच्या आजारानंतर रक्ताची गोठण्याची चाल खरोखर बदलते. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर एरवी गुळगुळीत असतं आणि गुठळी होऊ न देणारी रसायनं सोडत असतं. संसर्गात ते सुजतं आणि उलट काम करू लागतं: व्हॉन विलेब्रँड फॅक्टर जास्त सोडतं, त्याला प्लेटलेट चिकटतात. यकृत तापाच्या दिवसांत फायब्रिनोजेन भरपूर बनवतं, फॅक्टर ८ हा गोठवणारा घटक सुद्धा वाढतो. पांढऱ्या पेशी जंतूला पकडायला स्वतःच्या डीएनएची जाळी बाहेर फेकतात, त्या जाळीत गुठळी धरते. त्यात माणूस आठ-दहा दिवस अंथरुणावर, पाणी कमी प्यायलेला, पोटऱ्या हललेल्या नाहीत. सुजलेलं अस्तर, मंद झालेला प्रवाह आणि गोठायला उतावीळ रक्त या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, की पायाच्या खोल शिरेत गुठळी व्हायला पोषक जमीन तयार होते.

ताप उतरला म्हणून हे सगळं त्याच दिवशी थांबत नाही. स्वीडनमध्ये कोविड झालेल्या १० लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. पायातल्या गुठळीचा वाढलेला धोका सुमारे ३ महिने टिकला, फुप्फुसातल्या गुठळीचा ६ महिने, आणि रक्तस्रावाचाही २ महिने. हा शेवटचा भाग जाहिरातीत कधी नसतो: आजारानंतर गुठळी आणि रक्तस्राव दोन्हींचा धोका एकाच वेळी वाढलेला असू शकतो. म्हणून ‘खबरदारी म्हणून रक्त पातळ करू’ हा निर्णय हलका नाही.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडाही सोबत ठेवायला हवा. आजारानंतरच्या पहिल्या ३० दिवसांत फुप्फुसातली गुठळी झाली ती साधारण दर १०,००० जणांत १७ जणांना. कोविड न झालेल्यांच्या कितीतरी पट, पण तरी १०,००० मधल्या ९,९८३ जणांना काही झालं नाही. यात धोका जास्त तो रुग्णालयात, विशेषतः अतिदक्षता विभागात राहून आलेल्यांना. घरीच चार दिवस ताप काढलेला तिशीतला माणूस आणि व्हेंटिलेटरवरून आलेले पासष्टीचे काका यांना एकच पॅकेज विकणं ही या उत्पादनाची मूळ चूक आहे.

सगळे विषाणू सारखे वागत नाहीत, हेही पॅकेजला कळत नाही. डेंग्यूत मुख्य काळजी रक्तस्रावाची आणि रक्तवाहिन्यांतून पाझरणाऱ्या पाण्याची असते. ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास सांभाळायचे असतात आणि तेव्हा हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) व प्लेटलेट पाहतात. डेंग्यूतही डी-डायमर वाढलेला दिसू शकतो, पण त्यावरून उपचार ठरत नाहीत. लहान मुलांत कांजिण्यांनंतर क्वचित एक भयंकर प्रकार होतो: शरीर प्रोटीन एस या गुठळी रोखणाऱ्या प्रथिनाविरुद्धच अँटीबॉडी तयार करतं आणि पायांवर काळे-जांभळे, झपाट्याने पसरणारे चट्टे उठतात. तिथे एक तासही वाया घालवायचा नसतो, थेट बालरोग अतिदक्षता असलेलं रुग्णालय गाठायचं. घरपोच पॅकेज बुक करून सकाळची वाट बघणं तिथे घातक ठरेल.

निळ्या टोपणाची नळी

आता सेवेच्या गाभ्याकडे. या पॅकेजच्या रिपोर्टचा खरेखोटेपणा यंत्राइतकाच, किंबहुना जास्तच, एका छोट्या नळीवर ठरतो. तिचं टोपण फिकट निळं असतं. आत ०.३ मिलि सोडियम सायट्रेट असतं, ३.२ टक्क्यांचं. त्यात रक्त पडायला हवं २.७ मिलि, म्हणजे नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट. नळीवर बारीक खूण असते, रक्त तिथपर्यंत यायला हवं. दहा टक्क्यांपर्यंत कमी एकवेळ चालतं, त्याखाली नाही.

हा हट्ट कशासाठी? रक्त गोठायला कॅल्शियम लागतं. सायट्रेट ते कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून नळीत रक्त पातळ राहतं. लॅबमध्ये मोजून कॅल्शियम परत घालतात आणि घड्याळ सुरू करतात. रक्त कमी भरलं तर जास्तीचं सायट्रेट शिल्लक राहतं, ते लॅबने घातलेलं कॅल्शियमही खातं, आणि पीटी-एपीटीटी खोटेच लांबतात. रिपोर्टवर दिसतं ‘रक्त उशिरा गोठतंय’, प्रत्यक्षात नळी अर्धी भरलेली असते. ज्यांचा हिमॅटोक्रिट ५५ टक्क्यांवर आहे त्यांच्यात नळी पूर्ण भरूनही हेच होतं, कारण रक्तात पेशी जास्त आणि प्लाझ्मा (पेशींशिवायचा द्रव भाग) कमी; तिथे सायट्रेटचं प्रमाण कमी करून घ्यावं लागतं.

सॅम्पल घेताना समोर बसून हे बघा. पॅकेजमध्ये तीन रंगांच्या नळ्या येतात: निळी, पिवळी किंवा लाल, आणि सीबीसीसाठी जांभळी. निळी पहिली भरली पाहिजे, जांभळी शेवटी. जांभळ्या नळीत ईडीटीए असतं, तेही कॅल्शियम घट्ट धरतं; त्याचा अंशही सुईच्या टोकावरून निळ्या नळीत गेला तर एपीटीटी बिघडतो. जांभळ्या नळीतलं रक्त निळीत ओतून ‘भर’ घालणं तर सरळ सरळ सॅम्पल वाया घालवणं आहे. कोणी तसं करताना दिसलं तर तिथेच थांबवा आणि नवीन सॅम्पल मागा, संकोच करू नका.

बटरफ्लाय सुई वापरत असतील तर तिच्या बारीक नळीत हवा असते. ती हवा पहिल्या नळीत शिरते आणि तेवढं रक्त कमी पडतं. म्हणून एक जादा नळी आधी लावून थोडं रक्त टाकून द्यायचं आणि मग निळी लावायची. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त राहू नये. शीर सापडत नाही म्हणून सुई आत इकडेतिकडे फिरवली, तर जखमेतला टिश्यू फॅक्टर (गोठणं सुरू करणारा घटक) रक्तात येतो आणि नळीतच गोठण्याची सुरुवात होते. अशा सॅम्पलमध्ये बारीक गुठळी बसलेली सापडते. गोठणारे घटक तिच्यात खर्च झालेले असतात, आणि त्या सॅम्पलवरचा कुठलाही आकडा विश्वासाचा राहत नाही. चांगली लॅब अशी नळी नाकारते आणि दुसऱ्यांदा सॅम्पल मागते. ‘परत सॅम्पल लागेल’ असा फोन आला तर चिडू नका. त्या लॅबच्या बाजूने ती जमेची गोष्ट आहे.

सिरिंजने रक्त काढून मग नळीत भरण्याची पद्धत आपल्याकडे अजून सर्रास आहे. त्यात दोन धोके: दट्ट्या जोरात दाबला तर लाल पेशी फुटतात, आणि टोपण उघडून ‘अंदाजाने’ भरलं तर नऊला एक हे प्रमाण हुकतं. व्हॅक्युम नळी स्वतःच मोजून ओढते, तीच मागा. भरल्यावर नळी तीन-चार वेळा हळुवार उलटी-सुलटी करायची. बाटलीतलं औषध हलवतात तशी खळखळ हलवायची नाही.

मग प्रवास. घरपोच सेवेची सगळ्यात कच्ची बाजू ही. पीटीचं सॅम्पल खोलीच्या तापमानाला, टोपण बंद असेल तर, २४ तास टिकतं. डी-डायमरही त्या मानाने दणकट आहे. एपीटीटीला मात्र ४ तासांत सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) मोजलं पाहिजे, किंवा प्लाझ्मा वेगळा करून गोठवून ठेवला पाहिजे. सकाळी साडेसहाला उपनगरातल्या पहिल्या घरी घेतलेलं सॅम्पल वीस घरं फिरून साडेअकराला लॅबमध्ये पोचत असेल, तर एपीटीटीचे पैसे तिथेच बुडाले. बर्फाच्या पिशवीला खेटून ठेवणंही चूक आहे. थंडीने फॅक्टर ७ जागा होतो, व्हॉन विलेब्रँड फॅक्टर घटतो. या नळ्यांना १८ ते २४ अंशांचं साधं तापमान हवं. मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत तेवढं मिळत नाही, म्हणून उष्णतारोधक पेटी आहे का हे विचारून घ्या. रिपोर्टवर ‘सॅम्पल घेतल्याची वेळ’ आणि ‘लॅबमध्ये मिळाल्याची वेळ’ छापलेली असते. रिपोर्ट आला की आकड्यांच्या आधी या दोन वेळा वाचायची सवय लावा.

डी-डायमर: चांगली तपासणी, चुकीच्या जागी विकली जाते

गुठळी म्हणजे फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं. फॅक्टर १३ त्या धाग्यांना एकमेकांशी टाके घालतो. पुढे प्लाझ्मिन नावाचं एन्झाइम हे जाळं कापत जातं, पण टाका पडलेली जागा त्याला सुटत नाही. तिथले दोन ‘डी’ तुकडे जोडीनेच बाहेर पडतात. तोच डी-डायमर. म्हणजे हा आकडा सांगतो की शरीरात कुठेतरी फायब्रिन बनलं आणि विरघळलं. कुठे, केव्हा आणि धोकादायक जागी की साध्या जखमेत, हे तो सांगत नाही.

म्हणून त्याची ताकद ‘नाही’ म्हणण्यात आहे. पाय थोडा दुखतोय, डॉक्टरांनी तपासून लक्षणांना गुण देऊन शक्यता मोजली, गुठळीची शक्यता कमी वाटली आणि डी-डायमर मर्यादेच्या आत आला, तर गुठळी नाही असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं आणि स्कॅन टळतो. ही फार मोलाची सोय आहे, पाच तारे त्यासाठीच. आकडा वाढलेला आला तर मात्र ‘गुठळी आहे’ असं सिद्ध होत नाही. वय, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन, मार, कॅन्सर, यकृताचा आजार, कुठलाही जंतुसंसर्ग, या सगळ्यांत तो वाढतो. आणि आजारातून उठलेल्यांत तर वाढतोच. डब्लिनच्या सेंट जेम्स रुग्णालयात कोविडमधून बऱ्या झालेल्या १५० जणांची तपासणी झाली. आजारानंतर ४ महिन्यांपर्यंत सुमारे एक चतुर्थांश लोकांचा डी-डायमर वाढलेला सापडला, त्यांच्यातल्या बहुतेकांचे सीआरपी, प्लेटलेट वगैरे नॉर्मल झालेले असूनही. पन्नाशीपुढचे आणि रुग्णालयात राहून आलेले यांत हे प्रमाण जास्त होतं. आता विचार करा: काही त्रास नसताना हे पॅकेज घेणाऱ्या चौघांपैकी एकाला लाल अक्षरातला रिपोर्ट मिळू शकतो, आणि त्यावर करण्यासारखं काहीच नसतं.

आता आकडा वाचण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. डी-डायमर दोन मापांत देतात: एफईयू आणि डीडीयू. एकाच रक्ताचा डीडीयूमधला आकडा एफईयूच्या साधारण निम्मा येतो. एका लॅबने ६२० नॅनोग्रॅम प्रति मिलि एफईयू दिलं, तर दुसरी त्याच नळीतून ३१० डीडीयू देईल, तिसरी ०.६२ मायक्रोग्रॅम प्रति मिलि एफईयू छापेल, चौथी ०.६२ मिलिग्रॅम प्रति लिटर. चारही एकच. मर्यादाही तशाच बदलतात: ५०० एफईयू म्हणजे २५० डीडीयू. गेल्या आठवड्यात ३१० होता, आता ६२० झाला, दुप्पट झाला म्हणून घाबरलेल्या माणसाने पहिल्यांदा एकक तपासावं. ज्या रिपोर्टवर एफईयू की डीडीयू हे लिहिलेलंच नाही तो रिपोर्ट अपुरा आहे. लॅबला फोन करून लेखी दुरुस्ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

पन्नाशीनंतर मर्यादा वयाबरोबर सरकते: वयाला १० ने गुणायचं, येणारा आकडा एफईयूमधली वरची मर्यादा. ६८ वर्षांच्या आजींसाठी ती ६८०. त्यांचा ६२० आला तर शंका कमी असलेल्या रुग्णात डॉक्टर तो नॉर्मल धरू शकतात. बहुतेक पॅकेज रिपोर्ट मात्र सरसकट ५०० धरून ६२० ला लाल रंग देतात. वयाप्रमाणे मर्यादा छापणाऱ्या लॅबला इथे एक तारा जास्त.

उलटी फसगतही होते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डी-डायमर खाली येतो. गुठळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तरी तो नॉर्मल येऊ शकतो. संधिवाताचा रुमॅटॉइड फॅक्टर जास्त असेल तर काही किटमध्ये खोटाच वाढलेला येतो. आणि गुठळीची दाट शंका असेल, म्हणजे एक पाय ठळक सुजलेला, धाप लागलेली, तर डी-डायमर नॉर्मल आला म्हणून थांबायचं नसतं. अशा माणसाने या तपासणीच्या वाटेला न जाता थेट डॉपलर (पायाच्या शिरांची सोनोग्राफी) किंवा सीटी अँजिओग्राफी (फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन) करावी.

बाकीच्या तपासण्या

पीटी आणि एपीटीटी गुठळीचा धोका मोजत नाहीत, हे पॅकेज विकणारे सांगत नाहीत. त्या रक्त गोठायला सुरुवात व्हायला किती सेकंद लागतात ते मोजतात: पीटी साधारण ११ ते १३.५ सेकंद, एपीटीटी साधारण २५ ते ३५, लॅबच्या रसायनाप्रमाणे थोडं मागेपुढे. म्हणजे त्यांचं लक्ष रक्तस्रावाच्या बाजूला आहे. पायात भलीमोठी गुठळी असलेल्या माणसाचे दोन्ही आकडे अगदी नॉर्मल असू शकतात. ‘क्लॉट स्क्रीन नॉर्मल’ या शिक्क्यावर विसंबून सुजलेल्या पायाकडे दुर्लक्ष करणं ही या पॅकेजची सगळ्यात धोकादायक बाजू आहे.

एपीटीटीबाबत आणखी एक. विषाणूच्या संसर्गानंतर, विशेषतः मुलांत, ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट नावाच्या अँटीबॉडी काही आठवडे ते महिने रक्तात दिसतात. त्या नळीत एपीटीटी लांबवतात, मुलाला मात्र सहसा रक्तस्राव होत नाही. टॉन्सिलच्या ऑपरेशनआधी एपीटीटी ४८ आला आणि ऑपरेशन पुढे ढकललं, यामागे बऱ्याचदा महिन्यापूर्वीची सर्दी असते. तेव्हा आधी नळी नीट भरली होती का ते पाहायचं, मग नव्या सॅम्पलवर मिक्सिंग तपासणी: रुग्णाचा आणि निरोगी प्लाझ्मा निम्मा-निम्मा मिसळतात, वेळ नॉर्मलला आली तर एखादा घटक कमी होता, नाही आली तर अडथळा आणणारी अँटीबॉडी आहे. ती कायमची आहे की आजारापुरती, हे किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासूनच ठरतं. तापानंतर तिसऱ्या आठवड्यातल्या एका रिपोर्टवर कुणाला ‘अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम’चा (अशा अँटीबॉडीमुळे गुठळ्या आणि गर्भपात होण्याच्या आजाराचा) शिक्का मारू नये, विशेषतः मूल होऊ इच्छिणाऱ्या बाईला. आयुष्यभर मागे लागणारा शिक्का आहे तो.

आयएनआरचा, म्हणजे पीटीच्याच प्रमाणित मापाचा, खरा उपयोग एका गटाला आहे: हृदयाची झडप बदललेले किंवा इतर कारणाने वॉरफेरिन अथवा अ‍ॅसिनोकुमारॉल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे. त्यांना आजारपणात आणि नंतर आठवडाभर आयएनआर लागतोच, कारण खाणं कमी झालं की व्हिटॅमिन के कमी जातं, अझिथ्रोमायसिन-डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविकं गोळीचा असर वाढवतात, भरपूर पॅरासिटामॉलही वाढवतं. नेहमी अडीचवर असलेला आयएनआर पाचवर जाऊ शकतो. त्यांनी पॅकेज घेऊ नये, एकटा आयएनआर दोनदा करावा. पैसेही वाचतात आणि उपयोगही जास्त.

सीबीसी स्वस्त आणि कामाचा. प्लेटलेट १.५ ते ४.५ लाख. आजारातून उठताना त्या काही दिवस चार-पाच लाखांच्या वर जाणं नेहमीचं आहे. एकदम कमी आल्या आणि माणूस ठणठणीत असेल, अंगावर लाल ठिपके नाहीत, हिरड्यांतून रक्त नाही, तर पहिला संशय जांभळ्या नळीवर घ्या. काही लोकांच्या प्लेटलेट ईडीटीएमध्ये एकमेकींना चिकटतात आणि यंत्राला मोजता येत नाहीत. काचपट्टीवर गठ्ठे दिसतात. मग निळ्या सायट्रेट नळीत मोजून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणतात. ठिपके खरोखर असतील तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर. फेरिटिन, सीआरपी यांनी गुठळीबद्दल काहीच ठरत नाही.

‘अजून थोडे भरा’वाली भर

बुकिंग करताना थ्रोम्बोफिलिया पॅनेल (गुठळी होण्याची प्रवृत्ती शोधणाऱ्या तपासण्या) सुचवतात: प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटीथ्रॉम्बिन, होमोसिस्टीन, एमटीएचएफआर जनुक. आजारातून नुकतं उठलेल्या माणसाने हे अजिबात घेऊ नये. ताज्या गुठळीत, वॉरफेरिनवर, गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्यांवर यातले काही आकडे आपोआप घसरतात आणि जन्मजात दोष असल्याचा भास होतो. एमटीएचएफआर गुठळीच्या तपासणीत करू नये असं अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल जेनेटिक्सने २०१३ मध्येच सांगितलं आहे. ‘मायक्रोक्लॉट’ची, म्हणजे अतिसूक्ष्म गुठळ्यांची, फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी संशोधनाच्या पातळीवर आहे. त्या आधाराने रक्त गाळून घेण्याचे उपचार विकले जातात. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्याला त्यामागे पुरेसा पुरावा सापडला नाही. थकव्याने गांजलेल्या माणसाच्या आशेवर एवढा खर्च लादणं आम्हाला पटत नाही.

रिपोर्टनंतरचा मोफत सल्ला

बऱ्याच ठिकाणी रिपोर्टसोबत फोनवर सल्ला मिळतो. तो ‘आकडा वाढलाय, गोळी सुरू करा’ असा असेल तर घेऊ नका. ब्राझीलमधल्या मिशेल नावाच्या चाचणीत कोविडनंतर रुग्णालयातून घरी जाणाऱ्या, मुळातच जास्त धोका असलेल्या ३२० जणांत रिव्हारोक्सबान हे रक्त पातळ करणारं औषध १० मिलिग्रॅम ३५ दिवस देऊन गुठळ्यांसारख्या घटना ९ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आल्या. नंतरच्या अमेरिकेतल्या १,२०० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत अपिक्सबान हे तशाच प्रकारचं औषध २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ३० दिवस दिलं. दोन्ही गटांत घटना दोन टक्क्यांच्या आसपासच राहिल्या, फरक दिसला नाही. घरीच बऱ्या होणाऱ्यांमध्ये अ‍ॅस्पिरिन आणि अपिक्सबान तपासणारी चाचणी तर घटनाच इतक्या कमी घडल्या की लवकर थांबवली गेली. अर्थ साधा आहे: निवडक, जास्त धोक्याच्या रुग्णाला, रक्तस्रावाची शक्यता तोलून, ठरावीक दिवस गोळी द्यावी की नाही हे त्याला तपासणाऱ्या डॉक्टरने ठरवायचं. डेंग्यूनंतर तर अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन प्लेटलेट सावरेपर्यंत लांबच ठेवायचं. रुग्णालयातून घरी येताना डॉक्टरांनी आधीच गोळी लिहून दिली असेल, तर डी-डायमर नॉर्मल आला म्हणून ती स्वतः बंद करू नका.

मग कोणी घ्यावं?

काही त्रास नसेल तर कोणीही नाही. पुढे दिलेल्यापैकी काही असेल तर घरपोच सेवा ही चुकीची जागा आहे, आपत्कालीन विभाग गाठा, महाराष्ट्रात १०८ ला फोन करा: अचानक धाप, खोल श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, भोवळ येऊन पडणं, तोंड वाकडं होणं किंवा हात-पाय लुळा पडणं, कधी नव्हे ती तीव्र डोकेदुखी आणि सोबत उलट्या, अंधुक दिसणं किंवा झटका. पाय सुजला असेल तर घरी शिवणकामाची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर जो हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या खाली १० सेंमीवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. ३ सेंमीहून जास्त फरक असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवून डॉपलर करून घ्या. सुजलेली पोटरी मात्र चोळू नका, तेल लावून मालिश तर नकोच.

मधला गट उरतो: थोडी शंका आहे, डॉक्टरांनी तपासलंय आणि डी-डायमर लिहून दिलाय. त्यांनी पॅकेजऐवजी सीबीसी आणि डी-डायमर एवढंच बुक करावं. शक्य असेल तर लॅबमध्ये चालत जाऊन द्यावं, म्हणजे नळीचा प्रवास टळतो. लॅबला एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का एवढंच पाहून भागत नाही; मान्यता तपासणीनिहाय असते, डी-डायमर त्या यादीत आहे का ते एनएबीएलच्या संकेतस्थळावर बघता येतं. फॉर्मवर आजाराची तारीख, रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं नाव आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन हे लिहा. फॉर्ममध्ये जागा नसली तरी कोपऱ्यात लिहा. डी-डायमर पुन्हा करायची वेळ आलीच तर त्याच लॅबमध्ये, त्याच किटवर, त्याच एककात करा. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून चढ-उतार काढू नका.